नवऱ्याची साखर आणि बायकोचं ताट

(बाळापूर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन आहे. शेवटी झालेल्या प्रश्नोत्तरांतला थोडा भागही त्यात घेतला आहे.)



आजचा विषय तुमच्यातल्याच दोघीतिघींनी सुचवला. एरवी आपण इथे पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, दारूचं दुकान अशा विषयांवर बसतो. त्यामुळे ‘नवऱ्याला डायबिटीस निघाला, आता स्वयंपाक कसा करायचा’ हा विषय ठरल्यावर आपल्याच एका कार्यकर्तीने मला विचारलं, की आता आपण पाककृतींचे वर्ग घेणार का? तिचा प्रश्न रास्त आहे. चूल हीच बाईची जागा असं म्हणणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं भांडत आलो. पण भांडण चालू असतानाही चूल दोन वेळा पेटते आणि ती कोण पेटवतं हे मी सांगायला नको. घरातल्या पुरुषाला मधुमेह निघाला की दवाखान्यात गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हातात देतात आणि पथ्य मात्र सोबत गेलेल्या बाईला सांगतात. ‘यांना गोड देऊ नका, भात बंद करा, तेलकट टाळा.’ खाणार तो, आणि सूचना तिला. म्हणून हा विषय आपलाच आहे.

किती घरांचा हा प्रश्न आहे ते आधी पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, म्हणजे सुमारे १० कोटी माणसं. आणखी १५.३ टक्के लोक उंबरठ्यावर उभे आहेत. ‘हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग’ हे आता विसरायला हवं. बाळापूरच्या मेडिकल दुकानात पाच मिनिटं उभ्या राहा, कोण कोणती गोळी मागतं ते ऐका, म्हणजे कळेल.

रोग काय आहे तो थोडक्यात सांगते. आपण खातो त्या पोळी-भाकरी-भाताची पोटात साखरच होते. ती रक्तात येते, आणि रक्तातून पेशींत शिरायला तिला इन्शुलिन लागतं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. पुढे पुढे ते कमीही पडतं. मग साखर रक्तातच फिरत राहते आणि वर्षानुवर्षं डोळे, मूत्रपिंड, पायाच्या शिरा, हृदय यांना पोखरते. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस ऐकत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त भरली, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ती ६.५ किंवा त्यावर गेली, तर मधुमेह समजतात. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात.

आता या व्याख्येत ‘बायकोने गोड चारलं म्हणून’ असं कुठे आलं का? नाही. पण घरात तेच येतं. एका घरी सासूबाई माझ्यासमोर सुनेला म्हणाल्या, ‘तुनंच शिरा चारू चारू पोराले साखर लावली.’ सून बिचारी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. आनुवंशिकता असते, पोटावर वाढलेली चरबी असते, दिवसभर बसून राहणं असतं, अपुरी झोप असते, तंबाखूही असते. त्या सासूबाईंना स्वतःलाच मधुमेह होता, म्हणजे मुलाला तो कुठून आला असेल हे सांगायला डॉक्टर नको. रोग निघाला की घरात आरोपी शोधायचा आणि तो सुनेत सापडायचा, ही जुनी रीत आहे. ती तिथेच थांबवा. अपराधी वाटणारी बाई पथ्य सांभाळत नाही, ती नवऱ्यापुढे भीतभीत ताट ठेवते, आणि तो म्हणेल ते वाढते.

दुसरी गोष्ट दोन स्वयंपाकांची. एका बहिणीने मला सांगितलं, ‘ताई, माह्या घरी दोन गंज मांडा लागते. एक यायचा, एक लेकरायचा.’ नवऱ्यासाठी बिनतेलाची दोडक्याची भाजी, मुलांसाठी तर्रीदार रस्सा, सासऱ्यांसाठी मऊ भात, आणि सकाळी नऊला तिला सोयाबीन सोंगायला जायचं. तीन महिने तिने ते निभावलं. मग एक दिवस सोडून दिलं. मला त्यात नवल वाटलं नाही. जे पथ्य बाईचे रोज दोन तास जास्त खातं, ते टिकत नाही. आणि नवऱ्यालाही वाटतं की आपल्याला शिक्षेचं ताट वाढलंय. तो समोरच्याच्या ताटातला रस्सा ओढतो नाहीतर बाहेर कचोरी खाऊन येतो.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं हे, की आजाऱ्याचा वेगळा स्वयंपाक करू नका. घराचा स्वयंपाक एकच ठेवा आणि तो सगळ्यांसाठी थोडा बदला. मधुमेह्याला लागणारं जेवण आणि धडधाकट माणसाला लागणारं जेवण यांत फार फरक नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. त्या आजाऱ्यांसाठी नाहीत, सगळ्यांसाठी आहेत. त्यांत दिवसाच्या दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम असं प्रमाण दिलं आहे. आता आपल्या घरचं ताट आठवा. तुमची भाकरी ऐंशी ग्रॅम पिठाची असेल तर तीन भाकरींतच दिवसाचं धान्य जवळपास संपलं. आपल्याकडे माणूस सकाळी दोन पोळ्या, दुपारी दोन भाकरी, रात्री दोन पोळ्या, आणि दोन्ही वेळेला वर भात खातो. भाजी असते चमचाभर, तीही बटाट्याची. वरण पातळ. रोग या ताटात बसला आहे, एकट्या शिऱ्यात नाही.

म्हणून मोजायचं ते भाजीपासून. ताटाचं अर्ध भाजीने भरा. बटाटा, रताळं त्यात धरू नका, ते धान्याच्या बाजूला. पाव भागात घट्ट वरण, मुंगाची उसळ, हरभरे, खाणाऱ्यांकडे अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा पोळी किंवा भात, तिन्ही नाही. आधी भाजी आणि वरण खायचं, मग भाकरीला हात लावायचा. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. घरात कुणी म्हणेल, पोट कसं भरणार? पहिले आठ दिवस नाही भरत, हे खरं आहे. मग भरतं.

वऱ्हाडात यासाठी बाहेरून काही आणायला नको. ओट्सचे डबे, ‘डायबेटिक’ लिहिलेली बिस्किटं, सगळं महाग आणि बरंचसं निरुपयोगी; त्या बिस्किटांत मैदा असतोच. आपल्याकडे आंबाडी आहे, चिवळ आहे, घोळ आहे, पावसाळ्यात फुकटचा तरोटा आहे. थंडीत तुरीचे सोले आहेत. जवसाची चटणी आहे. उन्हाळ्यात भाजी मिळेना की मुंगवड्या आहेत. आपल्या आज्या हे रोज खात होत्या, आणि त्याला ‘गरिबाचं खाणं’ म्हणून आपणच मागे सारलं.

पण इथे मला दवाखान्यातल्या सल्ल्याशी थोडं भांडायचं आहे. ‘गहू बंद करा, ज्वारी खा’ असं सांगणं सोपं आहे. ज्वारीची भाकरी साखर थोडी सावकाश वाढवते आणि लवकर पोट भरते, हे बरोबर. पण पिठूळ अंश ज्वारीतही जवळजवळ गव्हाएवढाच असतो. चार भाकरी खाल्ल्या तर ज्वारीने काही वाचवलं नाही. आणि पैशाचं काय? २०२३ पासून रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला घराला पस्तीस किलो. ज्वारी बाजारातून रोख पैशाने घ्यावी लागते. एकेकाळी अकोला जिल्ह्यातल्या शेतांत घरापुरती ज्वारी सर्रास असायची. १९९० नंतर सोयाबीन वाढत गेलं, रानडुकरांचा त्रास वाढला, आणि ज्वारी बांधावरूनही गेली. पिकं कोणती घ्यायची हे घरात कोण ठरवतं? निंदायला आपण, ठरवायला तो. मग तोच आजारी पडल्यावर ज्वारी कुठून आणायची हा प्रश्न मात्र बायकोचा! ज्याची एकरभर जमीन आहे त्याने पुढच्या हंगामात घरापुरत्या चार ओळी ज्वारीच्या टाकाव्यात, असं मी त्या नवऱ्यांना स्पष्ट सांगते. ज्यांची जमीन नाही त्यांनी रेशनचा गहू खावा, पण पोळ्या मोजून. गव्हाच्या पिठात थोडं हरभऱ्याचं पीठ मिसळलं तर चांगलंच. दळताना पीठ चाळू नका, कोंडा राहू द्या.

तुरीचंही तेच. आपल्या तालुक्यात तूर पिकते, पोतं भरून अकोल्याच्या दालमिलला जाते, आणि आपण दुकानातून पावशेर डाळ आणतो. वर्षाची घरापुरती डाळ बाजूला काढल्याशिवाय तूर विकू द्यायची नाही, एवढा एक हट्ट करून पाहा. मधुमेह्याच्या ताटातलं घट्ट वरण तिथून सुरू होतं.

भाजीची अडचण आपल्या भागात आणखी वेगळी आहे. पूर्णेकाठची आपली बरीच गावं खारपाणपट्ट्यात येतात. विहिरीचं पाणी खारं, त्यावर भाजीपाला नीट होत नाही. मग भाजी विकतच घ्यायची. आणि त्याच पाण्यावर ज्यांचं पिणं चालतं त्यांनी हे नीट ऐका: मधुमेह मूत्रपिंडावर घाव घालतो, आणि रक्तदाब असेल तर आणखी वेगाने. लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ यांचा हात आवरा. वर्षातून एकदा लघवीतल्या प्रथिनांची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी मागून घ्या. डॉक्टर स्वतःहून सांगतीलच असं नाही.

चहाकडे येते. माझ्या मते आपल्या गावात सगळ्यात जास्त साखर चहातून जाते. एक चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. कपात दोन चमचे आणि दिवसाचे सहा कप धरले तर साठ ग्रॅम, महिन्याचे एक किलो आठशे ग्रॅम. घरी तुम्ही बिनसाखरेचा देता आणि तो स्टँडवर जाऊन चार पिऊन येतो. त्यावर बायकोने पहारा ठेवायचा नाही. मोठा माणूस आहे तो. ‘यायच्यावर लक्ष ठेवा’ असं नातेवाईक सांगतात, तेव्हा आपली नेमणूक पोलीस म्हणून होते आणि मग चोरी पकडली की मारही आपल्यालाच. मी हे घडलेलं पाहिलं आहे. डबा लपवला म्हणून हात उगारलेला पाहिला आहे. त्या क्षणी तो पथ्याचा प्रश्न राहत नाही, तो हिंसेचा प्रश्न होतो, आणि त्यासाठी २००५ चा कायदा आहे. आपलं काम घरात योग्य अन्न शिजेल एवढं पाहण्याचं. तोंडात काय घालायचं ते त्याने ठरवायचं आणि त्याचा हिशेब डॉक्टरला त्यानेच द्यायचा. दवाखान्यात पुढच्या वेळी त्याला एकट्याला पाठवा. पथ्य स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.

गूळ चालतो का, असं सगळ्याजणी विचारतात. नाही. मधही नाही. गुळात थोडं लोह असेल, पण रक्तात गेल्यावर तो साखरच. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांनी कुणाला बरं वाटत असेल तर घ्या, पण गोळी सोडून नाही. पिवळ्या पाटीखाली बसून ‘जडीबुटीने कायमचा बरा’ सांगणाऱ्याला आठशे रुपये देण्याआधी त्या पैशांत किती किलो मुंग येतात ते मोजा. वजन जास्त असलेल्यांनी सुरुवातीच्या वर्षांत ते बरंच उतरवलं तर काहींची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात येते, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जवळजवळ निम्म्या लोकांना वर्षभरात ते जमलं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तपासण्या चालू ठेवून.

यावरून दोन वेळाच जेवण्याचा विषय निघतो. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेला तो आहार आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्याने वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना डॉक्टरांना न सांगता जेवणं कमी केली, तर साखर एकदम खाली जाते. अंगाला दरदरून घाम, हातांना थरथर, चिडचिड, बोलणं असंबद्ध. असं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी सुधारणा नसेल तर पुन्हा द्या, आणि मग काहीतरी खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. मधुमेह्याच्या घरात साखरेचा डबा ठेवायचा तो यासाठी. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. मात्र मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ‘ब१२’ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि माळकरी, शाकाहारी घरांत ते मुळातच कमी असतं. पायाला मुंग्या येत असतील तर ही तपासणी करायला सांगा.

आता ज्यासाठी मी खरं तर इथे आले ते. आतापर्यंत आपण नवऱ्याच्या साखरेबद्दल बोललो. बायकोला निघाली तर? मी ज्या घरांत जाते तिथे मला दोन चित्रं दिसतात. त्याला निघाली की महिन्याभरात घराचं तेल बदलतं, बहीण मेथीचे दाणे पाठवते, आई सांभाळायला येऊन राहते. तिला निघाली की ती सगळ्यांना पोळ्या लाटून देते आणि शेवटी उरलेला शिळा भात ताकात कालवून खाते, टाकवत नाही म्हणून. भाजी तोवर संपलेली. ‘स्वयंपाक तर तिच्याच हातात आहे ना, करून घ्यावं की तिने,’ असं एक गृहस्थ मला म्हणाले. स्वयंपाक हातात आहे, पण भाजीचे पैसे हातात नाहीत आणि भाजीतला वाटा तर नाहीच. त्यात उपास. एकादशी, सोमवार, चतुर्थी, आणि उपासाला साबुदाण्याची उसळ, म्हणजे निव्वळ पिठूळ. मधुमेह असलेल्या बाईने याचा विचार करावा, देवाला ते चालेल.

याची मुळं कुठवर जातात ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला, त्यांना दिवस जाण्याआधीपासून. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं हाडामांसाने बारीक असूनही त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. अशी बारीक दिसणारी पण आतून चरबी धरणारी शरीरं पुढे मधुमेहाला लवकर बळी पडतात. ज्या आया हिरव्या पालेभाज्या आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे आज आपण ज्या चाळीस वर्षांच्या पुरुषाचं ताट सुधारतोय, त्याचा आजार कदाचित त्याच्या आईने सगळ्यांच्या शेवटी, भाजीशिवाय जेवली त्या दिवसांत सुरू झाला. त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. घरात गरोदर सून असेल तर तिला पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात साखरेची तपासणी करून घ्यायला लावा. गरोदरपणी साखर निघालेली बाई बाळंत झाली की सगळे सुटल्यासारखे होतात. पण तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो. सहा आठवड्यांनी तपासा आणि नंतरही तपासत राहा.

सरकारी दवाखान्यात आणि आरोग्य उपकेंद्रावर तिशीच्या पुढच्यांची साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. नवऱ्याची तपासायला गेलात की आपलंही बोट पुढे करा. रांगेत तुम्ही उभ्याच असता.

आता तुमचे प्रश्न घेते.

एका बाजीने रमजानबद्दल विचारलं. रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांकडे जा, कारण गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बदलावं लागतं. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोटातून थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. घाम, थरथर सुरू झाली तर मगरिबची वाट पाहायची नाही. सहरी टाळू नका, तिच्यात डाळ-अंडं ठेवा. इफ्तारला खजूर एक-दोन, सरबत नाही, भजी रोज नाही.

आणि मागून प्रश्न आला महालक्ष्म्यांचा, पुरणपोळीचं काय करायचं? करायची. एक पोळी, तीही लहान. त्या दिवशी भात आणि गोडाचे बाकीचे पदार्थ सोडून द्यायचे. आपल्या नैवेद्यात सोळा भाज्यांची भाजी असते, ज्वारीची आंबील असते, कढी असते. ती सोळा भाज्यांची भाजी प्रसादापुरती वाढतात, त्या दिवशी ती वाटीभर वाढा आणि आधी खायला लावा. पोळी शेवटी. जेवल्यावर त्याने झोपायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं नदीकडे चालून यायचं. आणि पोळ्या लाटणारीचं ताट पहिल्याच पंगतीत मांडायचं. शेवटच्या चार पोळ्या दुसरं कुणीतरी भाजेल.